ती फोनला विचारायची

माझ्या बायकोचं डोकं ठिकाणावर आहे. हे वाक्य सगळ्यांत आधी लिहून टाकतो. पुढचं कुणी वाचलं नाही, तरी एवढं वाचलेलं असावं.

तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्ल्यांत आमची जी मराठी घरं आहेत, तिथं गेल्या वर्षापासून वेगळं बोललं जातं. तिला विसर पडतो म्हणे. एकटीच बडबडते, भिंतींचे आणि नळांचे फोटो काढते, साध्या वस्तूंची नावं तिला आठवत नाहीत. हे सगळं खोटं आहे. हे खोटं जन्माला आलं तेव्हा मी त्याच खोलीत खुर्चीवर बसलो होतो. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. आता मला कुणाची भीड ठेवायची नाही, स्वतःची तर मुळीच नाही.

आधी आमच्या भाषेबद्दल थोडं सांगायला हवं. आम्ही घरात मराठी बोलतो, बाहेर तमिळ. शिकलो ते तमिळमधून नाहीतर इंग्रजीतून. त्यामुळे मराठी आमच्या तोंडात आहे, पण ती लिहिता-वाचता येणारे आमच्यात फार थोडे. त्यांतला मी एक, कारण मी एका शाळेत संस्कृत शिकवत होतो आणि देवनागरी मला पोटापाण्यासाठी लागत होती. कुणाकडे महाराष्ट्रातून लग्नपत्रिका आली की ती वाचायला माझ्याकडे यायची. देवघरातली पोथी कसली आहे, हे विचारायला लोक माझ्याकडे यायचे. ह्याचा मला बराच ताठा होता. ह्या लेखात आमचं बोलणं मी थोडं सोपं करून लिहितो आहे. आमची बोली जशीच्या तशी लिहिली तर पुण्याकडच्या वाचकाला दोन घास घेऊन पाणी प्यावं लागेल.

माझी बायको कालव्याकाठच्या खेड्यातली. तिथल्या शाळेत तमिळ पाचवी शिकली. बसची पाटी वाचते, वर्तमानपत्राचे मथळे वाचते. लग्न होऊन आली तेव्हापासून तिला प्रश्न फार. "अहो, हे काय आहे?" "अहो, ह्याला असं कां म्हणतात?" "अहो, त्या बोर्डावर काय लिहिलंय?" मी पुस्तकातून डोकं वर काढायचो, "एवढंही ठाऊक नाही?" म्हणायचो आणि मग सांगायचो. पन्नास वर्षं असं चाललं. मला वाटायचं, मी कंटाळलो आहे. प्रत्यक्षात मला ते आवडत होतं. "एवढंही ठाऊक नाही?" हे म्हणायला तर फारच आवडत होतं.

मुलगा बेंगळुरूला असतो. त्यानं नवा फोन घेतला तेव्हा जुना आईला पाठवला. ती तो नुसता उचलायची आणि ठेवायची. त्यातली अक्षरं बारीक, बोट एकीकडे तर उमटणार दुसरीकडे. मग एक दिवस पालेभाजीवाली दारात बसली असताना हिनं पाहिलं, की ती बाई फोन तोंडाजवळ धरून त्याच्याशीच बोलते आणि फोन उत्तर देतो. तिलाही वाचता येत नव्हतं. "अम्मा, त्या माईकच्या चित्रावर दाबा आणि तोंडानं विचारा," ती म्हणाली, आणि अंबाडीच्या दोन जुड्या देऊन निघून गेली.

हिनं पहिला प्रश्न विचारला तो एकादशी कधी आहे हा. फोननं सांगितलं. मग तिनं विचारलं, त्याच्या पुढची कधी? तेही सांगितलं. मग विचारलं, पहिली कुठली म्हणालीस? फोननं पुन्हा सांगितलं, त्याच आवाजात. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि मला म्हणाली,

"अहो, ही बाई रागवत नाही."

मी पुस्तकाचं पान उलटलं. पण ते वाक्य मला लागलं, आणि लागून राहिलं.

तिची मराठी ऐकून फोन सुरुवातीला अडखळायचा. त्याला पुण्याची मराठी कळते, आमची कळत नाही. ती दोनदा विचारायची, तिसऱ्यांदा तमिळमध्ये विचारायची, चौथ्यांदा म्हणायची, "जाऊ दे गे बये, तुझी आई वेगळी, माझी वेगळी." पण मग तिला कॅमेरा सापडला. वस्तूवर फोन धरायचा, खालचं चिन्ह दाबायचं, की तशाच वस्तूंची चित्रं येतात आणि ती काय आहे ते कळतं. तिथं भाषेचं काही कामच नव्हतं.

"ह्याला काय म्हणतात ते ठाऊक नसलं तरी चालतं," ती म्हणाली. "दाखवलं की झालं."

त्यानंतर घरात दाखवायचं काही शिल्लक राहिलं नाही. तुळशीच्या कुंडीत उगवलेलं जांभळ्या फुलाचं तण. पडवीतली पाल. तिच्या सासूनं, म्हणजे माझ्या आईनं ठेवलेलं तोटीचं पितळी भांडं, ज्याचा उपयोग आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हता. माझ्या गोळ्या, पाकिटासह आणि पाकिटाशिवाय. न्हाणीघराचा नळ गळायला लागला तेव्हा तिनं नळाचा फोटो काढला, मग उघडलेल्या नळाचा, मग आतल्या झिजलेल्या रबरी चकतीचा. ती चकती मुठीत धरून दुकानात गेली, तशीच नवी आणली आणि स्वतः बसवली. नळ थांबला. मी म्हणालो, "सगळ्या जगाला घरातला कचरा दाखवतेस?" ती म्हणाली, "जगानं कुठं नाक मुरडलं? तुम्हीच मुरडता."

मग एकदा आम्ही मोठ्या देवळात गेलो. तिथल्या भिंतीवर आमच्या राजांच्या वेळचा मराठी लेख कोरलेला आहे, भलामोठा. कुणी पाहुणे आले की त्यांना तो वाचून दाखवणं हे माझं काम, आणि हिनं पदर सावरून मागं उभं राहायचं हे तिचं. त्या दिवशी पाहुणे नव्हते. हिनं पिशवीतून फोन काढला आणि दगडावर धरला. फोननं त्यातली काही अक्षरं उचलली, काही सोडली, काही भलतीच वाचली. मग त्यानं जे वाचलं ते मोठ्यानं म्हणून दाखवलं. ती कान देऊन ऐकत होती. हसली. पुढच्या ओळीवर फोन धरला. पुन्हा ऐकलं. मी तिच्याशेजारी उभा होतो, एका हाताच्या अंतरावर, आणि तो सबंध लेख मला पाठ आहे. तिनं मला एकदाही विचारलं नाही.

माझं वय झालेलं असताना मला एका फोनचा मत्सर वाटला, हे लिहायला लाज वाटते. पण लिहितो, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

पोंगलला मुलगा आला. फोनमध्ये जागा उरली नाही म्हणून आईनं तो त्याच्या हातात दिला. तो अंगणात बसून फोटो पुसायला लागला आणि थोड्या वेळानं मला हाक मारली.

"अप्पा, हे काय आहे?"

त्यानं बोटानं चित्रं सरकवत नेली. पाल. पाल. पुन्हा पाल. नळ. छताचा कोपरा. माझा पाय. भाताचं अर्धं ताट. शेजारच्या कुत्र्याचं शेपूट. रबराची चकती. एका गोळीचे पुढून, मागून आणि आडवे फोटो. माणसाचा एकही फोटो नाही, देवाचा नाही, सणाचा नाही.

"अम्मा दिवसभर हेच करते?"

त्या प्रत्येक फोटोमागचा प्रश्न मला ठाऊक होता. पाल तीनदा होती कारण पहिल्या दोन वेळा फोननं तिला सरडा म्हटलं आणि हिनं ते मानलं नाही. छताच्या कोपऱ्यात कुंभारमाशीचं घर होतं. ताटातला भात उकड्या तांदळाचा नव्हता आणि दुकानदारानं तांदूळ उकडा म्हणून दिला होता, म्हणून तिनं दाणे दाखवून खात्री केली होती. मी तिथंच बसून एकेक सांगू शकलो असतो. तेवढ्यात परसातून तिचा आवाज आला. माझा फोन घेऊन ती कढीपत्त्याच्या झाडाशी उभी होती. "सांग गे, ह्याच्या पानांवर हे पांढरं कसलं? आणि मुंग्या कां येतात ते पण सांग."

"कुणाशी बोलते ती?" मुलानं विचारलं. आवाज एकदम खाली गेला होता त्याचा.

मी सुस्कारा टाकला. "हल्ली ती अशीच बोलते," मी म्हणालो.

वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकं वाईट होतं.

दोन दिवसांनी आम्ही तिघं तिरुच्चीला एका मोठ्या दवाखान्यात होतो. तिला सांगितलं होतं, वय झालं की सगळं तपासून घ्यावं. ती चांगलं लुगडं नेसून आली होती. डॉक्टर तरुण होते, स्वभावानं सौम्य. त्यांनी विचारलं, घरी कुठली भाषा? मुलगा म्हणाला, मराठी. "मग आईंनी मराठीतच उत्तरं द्यावीत," डॉक्टर म्हणाले. "अशी तपासणी ज्याच्या त्याच्या घरच्या भाषेत करावी. तुम्ही मला अर्थ सांगा. पण घरच्यांनी मदत करायची नाही, सुचवायचं नाही."

आता आमच्या मुलाची मराठी. त्याला "जेवलास का", "झोप", "दार लाव" कळतं. तो उत्तर तमिळमध्ये देतो, नाहीतर इंग्रजीत. आमच्या गल्लीतली सगळीच मुलं तशी. त्याला तरी वाटत होतं की त्याला मराठी येते.

डॉक्टरांनी चित्राचं एक कार्ड धरलं.

"कातर," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा गोंधळला. "काय, अम्मा?"

"कातर रे."

त्यानं मान हलवली. दुसरं कार्ड.

"फणी."

"फणी?" मुलगा केविलवाणं हसला. "डॉक्टर, ते आमच्या ऑफिसात एकाचं नाव आहे."

"कासव," ती पुढच्या कार्डाला म्हणाली. आणि त्याच्या पुढच्या काटेरी झाडाला, "निवडुंग." चारही बरोबर. हे वाचणाऱ्या कुणाही मराठी माणसाला त्यांत अडखळण्यासारखं काही दिसणार नाही. माझ्या मुलाला त्यांतला एकही शब्द ठाऊक नव्हता. त्यानं घरात फणीला सीप्पू ऐकलं होतं, कासवाला आमै ऐकलं होतं, कारण मुलांशी आम्ही वस्तूंची नावं तमिळमध्येच घेत आलो. त्याचे डोळे भरले. "डॉक्टर, हे शब्द नाहीत," तो इंग्रजीत म्हणाला. "ती नुसते आवाज काढतेय."

एवढं इंग्रजी तिला कळतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे पाहत राहिलो.

त्यानंतर तिनं उत्तरं देणं सोडलं. वार विचारला, ती गप्प. शंभरातून सात वजा करायला सांगितलं, ती गप्प. लोक मला विचारतात, तिला तमिळ येत होतं तर तिनं तमिळमध्ये का नाही सांगितलं? मीही तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "मराठीत सांग म्हणाले, मराठीत सांगितलं. पोटच्या पोरानं त्याला आवाज म्हटल्यावर कुणासाठी तमिळ बोलू? पोदुम." पुरे झालं, असं ती तमिळमध्ये म्हणाली, आणि तेवढंच.

विस्मरणाची सुरुवात आहे, असं ठरलं. गोळ्या सुरू झाल्या. फोनमुळे गोंधळ वाढेल म्हणून मुलानं तो माझ्याकडे दिला आणि मी कपाटात ठेवला. नातलगांच्या ग्रुपवर त्यानं इंग्रजीत चार प्रेमळ ओळी टाकल्या, अम्माची स्मृती जात आहे, सर्वांनी तिला सांभाळून घ्यावं. हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. शाळांना सुट्टी लागली की आम्हां दोघांना बेंगळुरूला न्यायचं आणि घर भाड्यानं द्यायचं, असंही ठरलं. ठरवताना तिला कुणी विचारलं नाही. मला विचारलं. मी "सरी" म्हणालो, म्हणजे बरं.

त्या गोळ्यांनी तिला सकाळी जाग येईना. दारात रांगोळी पडायची बंद झाली. शेजारणी यायच्या आणि तिच्या चेहऱ्यासमोर हात हलवून, एकेक शब्द सुटा करून विचारायच्या, "अक्का, चहा, घेतला, का?" ती म्हणायची, "घेतला." त्या माझ्याकडे पाहून "बघा, आज बऱ्या आहेत" म्हणायच्या. कुंडीत नवं तण आलं. तिनं ते कुणाला दाखवलं नाही. मला काही विचारलं नाही. ज्या प्रश्नांना मी पन्नास वर्षं वैतागलो होतो ते थांबले, आणि घर इतकं गप्प झालं की पंख्याची करकर ऐकून मी चिडायला लागलो.

अशाच एका सकाळी ती पायरीवर बसून केस विंचरत होती. मी पेपर वाचत होतो. तिनं हात लांब करून हातातली वस्तू माझ्यासमोर धरली.

"अहो, ह्याला काय म्हणतात?"

कितीतरी आठवड्यांनी तिनं मला काही विचारलं होतं. मी चटकन म्हणालो, "फणी."

"असं होय," ती म्हणाली. "तेव्हा ठाऊक नव्हतं वाटतं."

आणि पुन्हा केस विंचरायला लागली.

मी पेपर घडी करून ठेवला. कपाटातून फोन काढला, चार्जिंगला लावला आणि तिला म्हणालो, "उद्या तिरुच्चीला जायचंय. दोघंच." ती म्हणाली, "मुलाला विचारलंत?" मी म्हणालो, "त्याला विचारून आपलं लग्न झालं नव्हतं." ती हसली नाही. पण दुसऱ्या दिवशी माझ्याआधी तयार होऊन बसली.

बसनं गेलो. दवाखान्यातल्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे, आणि फाइलवर मुलाचा नंबर आहे, त्यांना घेऊन या.

"तो मुलगा आहे, मी नवरा आहे," मी म्हणालो. "ह्या बाईच्या बाबतीत माझा नंबर त्याच्या आधी लागतो. डॉक्टरांना वेळ होईपर्यंत आम्ही इथं बसतो. संध्याकाळपर्यंत बसतो. डबा आणलाय."

डबा खरंच आणला होता. तो उघडायची वेळ येण्याआधी आत बोलावलं.

मी डॉक्टरांना सांगितलं, त्या दिवशी तिची चारही उत्तरं बरोबर होती. मराठीत कात्रीला कातर म्हणतात, अमुक म्हणतात, तमुक म्हणतात. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "सर, तुम्ही त्यांचे पती आहात. तुम्हांला असं वाटणं स्वाभाविक आहे. घरचे लोक पुष्कळदा मानायला तयार नसतात."

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," मी म्हणालो. "मी विश्वास ठेवण्याजोगा माणूस नाही. ह्याला विचारा." आणि फोन तिच्यापुढं ठेवला.

त्यांनी कासवाचं कार्ड काढलं. तिनं फोन उचलला, माईक दाबला आणि स्पष्ट म्हणाली, "कासव." पडद्यावर कासवंच कासवं आली, समुद्रातली, विहिरीतली, एक अंडी घालणारं. डॉक्टर पुढं झुकले. निवडुंगाचंही तसंच झालं. मग फणी. ती "फणी" म्हणाली आणि पडद्यावर त्याच नावाच्या कुठल्याशा वादळाचे फोटो आले, मोडलेली झाडं, उडालेले पत्रे. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"थांबा," ती त्यांना तमिळमध्ये म्हणाली. "ह्याला नीट विचारावं लागतं. अर्धवट विचारलं की भलतंच दाखवतो, माणसांसारखाच." मग फोनला म्हणाली, "केसांची फणी." फण्या आल्या. लाकडाच्या, शिंगाच्या, प्लॅस्टिकच्या. तिनं तो डॉक्टरांकडे फिरवला आणि त्यांचं कार्ड त्याच्या शेजारी धरलं.

डॉक्टर चांगला माणूस. तो हसला नाही, उठून उभा राहिला, तिला म्हणाला, "अम्मा, माझी चूक झाली. पुन्हा पहिल्यापासून करू या?" आणि पहिल्यापासून केलं, काही तमिळमध्ये, काही मराठीत, फोन साक्षीला ठेवून. सगळं बिनचूक आलं असं मी म्हणणार नाही. तारीख तिची एका दिवसानं चुकली. लक्षात ठेवायला दिलेल्या शब्दांतला एक गळला. डॉक्टर म्हणाले, हे वयाचं आहे, आजाराचं नव्हे. गोळ्या बंद. निघताना ते माझ्याकडे पाहून काही बोलणार होते, मग फाइल मिटली आणि काही बोलले नाहीत.

परत आल्यावर मुलाला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग ओरडला.

"म्हणजे तुम्हांला ते शब्द ठाऊक होते? तिथंच बसला होता ना तुम्ही, अप्पा?"

"होतो."

"मला भाषा येत नाही हा माझा गुन्हा? इंग्रजीत बोल, मार्क पडतील, हे कोण म्हणायचं?"

"मीच."

"मग मी काय करायचं होतं?"

मी एवढंच सांगितलं की आम्ही बेंगळुरूला येत नाही. पाहुणे म्हणून येऊ, चार दिवस. घर भाड्यानं द्यायचं नाही. अम्माचा फोन अम्माकडे राहील, आणि ती दिवसभर पालींचे फोटो काढील, तिला हवे तेवढे.

ह्यानं गोष्ट मिटायला हवी होती. मिटली नाही. एकदा एखाद्या बाईला वेडी म्हटलं की ती शहाणी झाल्याची बातमी कुणी पुढं सांगत नाही. त्यानंतर महिन्याभरात गल्लीत एक लग्न झालं. मांडवात एक लांबचा पुतण्या तिच्यापुढं वाकून, लहान मुलाशी बोलावं तसा बोलला, "काकू, सांगा बघू, मी कोण?" आजूबाजूचे सगळे थांबून पाहायला लागले. हिनं पिशवीतून फोन काढला, त्याच्या तोंडावर धरला, फोटो काढला आणि पडदा लांब धरून नीट पाहिला.

"थांब, विचारते," ती म्हणाली. "नाही रे बाबा. ह्यालाही तू कोण ते सापडत नाही. शर्ट तेवढा सापडला. असले पुष्कळ मिळतात म्हणतो."

लोक हसले. पण मी ऐकलं, मागं एक बाई दुसरीला म्हणाली, "बिचारी. फोटो काढते ना, तेच ते."

त्याच दुपारी मी ठरवलं. लिहून उपयोग नव्हता, देवनागरी वाचणार कोण? इंग्रजीत लिहिलं असतं तर ते मुलाच्या चार ओळींना उत्तर झालं असतं, आणि मुलाचा त्यात दोष नव्हता. म्हणून मी तिचा फोन घेतला, नातलगांचा ग्रुप उघडून माईकवर बोट दाबून धरलं आणि आमच्या भाषेत बोललो. ही भाषा त्यांतल्या प्रत्येकाला ऐकून कळते. मी सांगितलं की तिला काही झालेलं नाही. तपासणीत तिनं काय सांगितलं आणि मुलाला ते का कळलं नाही. मला ते कळलं होतं आणि मी गप्प बसलो. डॉक्टरांनी घरच्यांना गप्प बसायला सांगितलं होतं खरं, पण नंतर बोलायला मला कुणी अडवलं नव्हतं. ती मला विचारायचं सोडून फोनला विचारायला लागली ह्याचा मला राग होता, हेही सांगितलं. बोट सोडलं. गेलं.

हात जोडलेली चित्रं ह्या वेळी आली नाहीत. मग माझ्या चुलतभावाचा फोन आला. "अरे, हे काय केलंस? पुसून टाक लवकर. चव्हाट्यावर बोलायच्या गोष्टी आहेत का ह्या? तुझ्याबद्दल लोक काय म्हणतील?"

"तिच्याबद्दल पोंगलपासून म्हणताहेत," मी म्हणालो. "आता काही दिवस माझ्याबद्दल म्हणू देत."

मुलानंही सांगितलं, काढून टाका अप्पा. मी नाही म्हणालो.

ती स्वयंपाकघरात होती. मी फोन तिला नेऊन दिला. तिनं माझा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला, ओट्याला टेकून, डोळे मिटून. मग पुन्हा एकदा ऐकला. मला वाटलं, आता ती काहीतरी मायेचं बोलेल.

"चुकलंय," ती म्हणाली.

"काय चुकलंय?"

"डॉक्टर मदत करू नका म्हणाले ते आरंभी. चार कार्डं झाल्यावर, पोरगं रडायला लागल्यावर, त्यांनी तुमच्याकडे खुर्ची वळवली. तमिळमध्ये विचारलं, ‘सर, तुम्ही सांगा, हे तुमच्या भाषेतले शब्द आहेत का?’ तुम्ही खांदे उडवलेत."

मी म्हणालो, असं काही झालं नाही.

"त्यांच्या हातात हिरवं पेन होतं. तुम्ही खांदे उडवलेत, आणि त्यांनी ते पेन कागदावर टेकवलं."

मला ते आठवत नव्हतं. मग आठवलं. खुर्चीच्या चाकांचा आवाज आठवला, तिनं न सांगितलेला. डॉक्टर मला दुसऱ्या भेटीत काय म्हणणार होते तेही कळलं. गप्प बसणं वेगळं आणि विचारल्यावर नाही म्हणणं वेगळं, आणि मी इतके दिवस दुसऱ्याला पहिलं समजून झोपत होतो.

तिनं फोन माझ्यापुढं धरला. "पुन्हा बोला," ती म्हणाली. "आणि हे मज आठवलं, तुम्हांला नव्हे, तेही सांगा."

मी माईकवर बोट ठेवलं. ह्या वेळी ती शेजारी उभी राहिली आणि मी वाक्य गुळगुळीत करायला लागलो की कोपरानं ढोसत राहिली. तो दुसरा निरोप अजून ग्रुपवर आहे. ज्याला शंका आहे त्यानं तो ऐकावा, आणि तरीही शंका उरली तर आमच्या घरी यावं. ती घरीच असते. तिला विचारावं, मला नको.